उजवा पाय आणि पिवळा दिवा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मे महिना संपत आला की आपल्या घाटांत दरवर्षी एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. उन्हाळाभर सांडलेले डिझेल आणि ऑइल, टायरांचे झिजलेले रबर आणि धूळ यांचा थर डांबरावर बसलेला असतो. पहिली सर येते ती हा थर धुऊन नेण्याइतकी जोरदार नसते. तिने तो नुसता ओला होतो आणि रस्त्यावर निसरडा लेप चढतो. जुने ट्रकवाले अशा दिवशी बोरघाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये धरतात आणि मागून कितीही हॉर्न वाजले तरी घाई करत नाहीत. त्याच वेळी त्याच वळणावर तीनशे अश्वशक्तीची एखादी गाडी असते. तिच्या मीटरवर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा तीन महिन्यांपासून पेटलेला असतो. मालकाने गॅरेजमध्ये विचारलेले असते आणि उत्तरही मिळालेले असते : "काही नाही साहेब, सेन्सरचा दिवा आहे. गाडी चालतेय ना? मग चालवा."

गाडी चालते हे खरेच आहे. या बिघाडाची भीती वाटते ती त्यामुळेच. क्लच जळला तर वास येतो, बेअरिंग गेले तर चाकातून घुमणारा आवाज येतो, ब्रेकचे पॅड झिजले तर ते किंचाळतात. त्या पिवळ्या दिव्यामागची ट्रॅक्शन कंट्रोल ही यंत्रणा बंद पडली तर ना आवाज, ना वास. कोरड्या रस्त्यावर बेताने चालवताना तर गाडीच्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही.

ही यंत्रणा करते तरी काय? प्रत्येक चाकापाशी त्याचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो. इंजिनाची ताकद मिळणारे चाक बाकीच्या चाकांपेक्षा अचानक जोरात फिरू लागले, तर त्याची रस्त्यावरची पकड सुटली असे संगणक ओळखतो. मग तो इंजिनाचा जोर कमी करतो, त्या चाकाला हलका ब्रेक लावतो, किंवा दोन्ही करतो. हे सगळे सेकंदाच्या लहानशा अंशात होते. धोका दिसल्यावर माणसाचा पाय हलायला पाऊण सेकंद ते एक सेकंद लागतो, आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे गेलेली असते.

ताकदवान गाडीत याचे महत्त्व किती, ते साध्या हिशेबाने कळेल. समजा गाडीचे वजन 1700 किलो आहे, ताकद मागच्या चाकांना मिळते आणि इंजिनाचा टॉर्क 500 न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून हा टॉर्क साधारण बारा पटींनी वाढवतात. चाकाची त्रिज्या एक फुटाहून थोडी जास्त. म्हणजे अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर टायर रस्त्याला जवळजवळ अठराशे किलोचा रेटा देऊ पाहतात. मागच्या चाकांवर गाडीचे निम्मे वजन धरले आणि ओल्या डांबराची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर रस्ता सव्वाचारशे किलोच्या आसपासच रेटा पेलतो. अठराशे कुठे आणि सव्वाचारशे कुठे! तिसऱ्या गिअरमध्ये रेटा निम्म्यावर येतो, तरी तो रस्त्याच्या ऐपतीच्या दुप्पट असतोच. त्यामुळे धोका सिग्नलवरून सुटतानाच असतो असे नाही. घाटात ट्रकला ओलांडायला पाय जरा जास्त दाबला तरी तो समोर उभा राहतो.

आणि पाय दाबण्यापेक्षा पाय उचलणे जास्त घात करते. वळणावर मागचा भाग घसरू लागला की घाबरलेला चालक अॅक्सिलरेटर एकदम सोडतो. सोडताक्षणी गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि आधीच सुटू लागलेली पकड पूर्ण जाते. गाडी गिरकी घेते. पकड सुटलेला टायर बाजूलाही गाडीला धरून ठेवू शकत नाही, म्हणून स्टिअरिंग कितीही फिरवले तरी मागचा भाग ऐकत नाही.

मोटारींच्या इतिहासात याचे गाजलेले उदाहरण म्हणजे पोर्शेची 1975 ची 911 टर्बो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, ताकद 260 अश्वशक्ती, गिअर चार, आणि चालकाला सावरणारे इलेक्ट्रॉनिक्स शून्य. वळणावर पाय दाबला की क्षणभर काहीच होत नसे, मग टर्बोचा सगळा जोर एकदम येई. दचकून पाय उचलला की जड शेपटी फिरे. या गाडीला 'विधवा करणारी' असे टोपणनाव पडले ते उगाच नाही.

आता तो आकडा आजच्या गाडीशेजारी ठेवून पाहू. आपल्या चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई 6 ही विजेवरची गाडी मोठ्या बॅटरीसह 210 किलोवॅट, म्हणजे सुमारे 286 अश्वशक्ती देते, तीही मागच्या चाकांना. ती पोर्शेपेक्षा कितीतरी जड आहे आणि तिची रचना सर्वस्वी वेगळी, तेव्हा तुलना ताकदीपुरतीच. पण पन्नास वर्षांपूर्वी मुरलेल्या चालकांना घाम फोडणारी ताकद आज नवशिका मुलगाही सकाळी क्लासला जाताना वापरतो आणि संध्याकाळी सुखरूप घरी येतो. विजेच्या मोटरचा टॉर्क तर पहिल्या क्षणापासून पूर्ण हजर असतो. मधल्या काळात माणसाचा पाय हुशार झालेला नाही. त्या पायाची चूक दर वेळी कुणीतरी मुकाट्याने सावरून घेते, एवढेच घडले आहे. सावरणारा गेला, तर चालकाच्या हाती उरते ती आपल्या पायाची कधीच न पडताळलेली सवय.

हा सावरणारा गाड्यांत आला तो टप्प्याटप्प्याने. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी बॉशची एबीएस यंत्रणा 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. तिच्याच सेन्सरांवर पुढे ट्रॅक्शन कंट्रोल उभे राहिले आणि 1995 मध्ये गाडीची दिशाही सांभाळणारे स्टॅबिलिटी कंट्रोल आले. ते नसेल तर काय होते, हे ऑडीला टीटी या देखण्या गाडीने शिकवले. 1998 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला जर्मनीत भरधाव वेगात प्राणघातक अपघात झाले. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदलले, मागे स्पॉयलर लावला आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बसवून दिले. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा विभागाने 2007 मध्ये ही यंत्रणा सक्तीची करताना अंदाज मांडला होता की, एकट्याच गाडीला होणारे अपघात तिच्यामुळे कारमध्ये 34 टक्क्यांनी आणि एसयूव्हीमध्ये 59 टक्क्यांनी घटतील.

इथपर्यंत यंत्रणा बंद पडण्याची गोष्ट झाली. पण बिघडलेली यंत्रणा नेहमी गप्पच राहते असे नाही. शेवरोलेची 2005 आणि 2006 सालची कॉर्व्हेट ही 400 अश्वशक्तीची गाडी. तिचे स्टिअरिंग चालकाच्या सोयीने पुढेमागे सरकवता येई. वारंवार सरकवल्याने स्टिअरिंगचा कोन सांगणाऱ्या सेन्सरची जोडणी तुटू शके. चुकीचा कोन कळला की, गाडी घसरते आहे असे समजून यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावी आणि सरळ चाललेली गाडी एका बाजूला ओढली जाई. 2010 मध्ये जनरल मोटर्सने अशा सुमारे चाळीस हजार गाड्या परत बोलावल्या. होंडानेही 2013 मध्ये अशाच कारणासाठी जगभरातून सुमारे अडीच लाख गाड्या परत मागवल्या. चालकाने पाय लावला नसताना त्यांचे ब्रेक लागू शकत होते. भरवशाचा रखवालदार झोपला तर नुकसान होते, पण त्याने घरच्याच माणसावर काठी उगारली तर जास्त होते.

मग हा दिवा पेटतो तरी कशाने? बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष झालेले पाहून जीव हळहळतो. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेला उंदीर वायर कुरतडतो. चाकाच्या कमानीतली वायर घासून तुटते. कोकणातला लाल चिखल सेन्सरवर थापला जातो. पैसे वाचवायला दोनच नवे टायर वेगळ्या मापाचे घातले, तर त्यांचा घेर वेगळा असल्याने संगणकाला चाके कायमची घसरताना दिसतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत एबीएससुद्धा याच सेन्सरांवर चालते. त्यामुळे एक वायर तुटली की ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी आणि एबीएस अशा तिन्हींवर एकदम पाणी पडू शकते. ब्रेक लागतात, पण जोरात दाबले तर चाक जाम होते.

दिवा वाचताही आला पाहिजे. घसरड्या जागी तो लुकलुकला, तर यंत्रणा काम करते आहे. ती तक्रार नाही, पाय हलका करा असा निरोप आहे. तो सतत पेटून राहिला, तर बिघाड आहे. चित्राखाली 'ऑफ' असे लिहिलेले असेल, तर यंत्रणा बटणाने बंद केली गेली आहे. कधी रीलसाठी चाके फिरवून धूर काढायला मुले ती मुद्दाम बंद करतात, तेव्हा आधी बटण पाहावे. जुनी ताकदवान गाडी विकत घेणाऱ्याने तर इग्निशन चालू करताच मीटरकडे पाहावे. तो पिवळा दिवा इतर दिव्यांबरोबर दोन-चार सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर गाडी निरोगी आहे असे समजू नये. बिघाड लपवायला कुणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलेला असू शकतो. स्कॅनर लावून नुसता बिघाडाचा कोड पुसला तरी दिवा विझतो, आणि गाडी थोडी पळाली की परत येतो.

दिवा पेटलेला असताना घाट चढणे-उतरणे टाळता येत नसेल, तर पावसाचा मोड असल्यास तो लावावा, चढताना वरचा गिअर धरावा, वळणाच्या आधीच वेग उतरवून घ्यावा, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा पुलाच्या लोखंडी सांध्यांवर चाक असताना पाय दाबूही नये, झटकन उचलूही नये. त्यानंतर पहिला मुक्काम गॅरेजचा.

चांगला मेकॅनिक तिथे काय करतो, ते पाहण्यासारखे असते. स्कॅनर जोडून तो चारही चाकांचे वेग पडद्यावर घेतो आणि गाडी हळू चालवायला सांगतो. तीन चाके वीस दाखवतात, मागचे डावे शून्य. महिन्यापूर्वी त्याच चाकाचे बेअरिंग बदललेले असते. अलीकडच्या बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्ट्यांची कडी असते आणि सेन्सर तीच वाचतो. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मेकॅनिक नवे बेअरिंग हातात घेऊन त्यावर चुंबक ओळखणारे छोटे कार्ड धरतो. एका बाजूला कार्ड कोरेच राहते, दुसऱ्या बाजूला त्यावर बारीक काळ्या रेघा उमटतात. बसवलेल्या बेअरिंगची ही रेघांची बाजू सेन्सरकडे यायला हवी होती, ती बाहेर गेली होती. उलटे बसलेले बेअरिंग प्रेसवर काढल्यावर पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. नवे बरोबर बाजूने दाबून बसवतात, चाक चढते, गाडी गल्लीतून एक फेरी मारते, आणि पडद्यावर आकडे येतात : वीस, वीस, वीस, वीस.