नागमोडी टाक्याचे यंत्र

साडीच्या मोकळ्या कडेला पिको करणे, सदऱ्याच्या काजांची कड बांधणे आणि ताणले जाणारे विणीचे कापड जोडणे ही तीन कामे वरवर पाहता निरनिराळी दिसतात. परंतु तिन्हींचे मर्म एकच आहे. ती करणाऱ्या यंत्राची सुई केवळ खालीवर जात नाही. ती डावीउजवीकडेही झुलते. सरळ शिवणीतील दोरा कापडाबरोबर ताणला जातो आणि एका मर्यादेनंतर तुटतो. नागमोडी टाक्यात मात्र दोऱ्याला वळणे असतात. कापड ताणले की ती वळणे सरळ होऊ लागतात आणि दोऱ्यावरचा ताण हलका होतो. कडेचे उसवणारे धागेही त्याच वळणांच्या कवेत धरले जातात.

हा टाका नवा नाही. अमेरिकेत एलियस हाऊ याने दुहेरी दोऱ्याच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट १८४६ साली घेतले आणि मेन राज्यातील पोर्टलंड येथे जन्मलेल्या हेलन ऑगस्टा ब्लँचर्ड या महिलेने नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट १८७३ साली मिळविले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे हा टाका मुख्यतः कारखान्यांतच राहिला. घरात त्याचा खरा प्रवेश झाला तो १९३० च्या दशकात. इटलीतील पाविया येथील नेक्की कारखान्याचे 'बी. यू.', जर्मनीतील काइझरस्लाउटर्न येथील फाफ कारखान्याचे '१३०' आणि स्वित्झर्लंडमधील श्टेकबोर्न येथून १९३८ साली निघालेले बर्निनाचे नागमोडी यंत्र ही त्या प्रारंभीच्या पिढीची नावे. दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला. १९५४ सालच्या नेक्की 'सुपरनोव्हा'ला तर मार्चेल्लो निझ्झोली यांच्यासारख्या ख्यातनाम आरेखनकाराने रूप दिले.

त्या काळातील अनेक यंत्रे आजही शिवण्याजोगी आहेत. त्यांच्या अंगातील लोखंड आणि पोलाद सहसा झिजून गेलेले नसते. ती बंद पडतात ती बहुधा वापरामुळे नव्हे, न वापरल्यामुळे. हे नीट समजण्यासाठी त्यांची रचना थोडी पाहिली पाहिजे.

साध्या यंत्रात सुईदांडी एका ठरलेल्या मार्गाने खालीवर जाते. नागमोडी यंत्रात ही दांडी एका झुलत्या चौकटीत बसविलेली असते. मुख्य दांड्यावरून फिरणारा एक कॅम त्या चौकटीला आळीपाळीने डावीउजवीकडे लोटतो. दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे सामान्यतः कॅमची एक फेरी होते. म्हणजे एक टाका डावीकडे पडतो, दुसरा उजवीकडे. सुई कापडाबाहेर असताना हे झुलणे पुरे व्हावे लागते. पुढचे काम त्याहून नाजूक. सुई तळाशी जाऊन २ ते २.५ मिलिमीटर वर आली की तिच्या मागे दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि त्याच क्षणी शटलच्या अंकुशाचे टोक त्या फासात शिरते. सरळ यंत्रात हा मेळ एकाच जागी जमवावा लागतो. नागमोडी यंत्रात अंकुश एका बाजूच्या सुईला किंचित आधी गाठतो आणि दुसऱ्या बाजूच्या सुईला किंचित उशिरा. त्यामुळे दोन्ही टोकांना साधेल असा मध्यम मार्ग कारागिराला काढावा लागतो.

आता या यंत्राच्या दुखण्याकडे वळू. माळ्यावर वीस वर्षे पडून राहिलेले यंत्र खाली काढले की चाक फिरत नाही, किंवा चाक फिरते पण नागमोडीची दांडी जागची हलत नाही. घरची माणसे समजतात, यंत्र गंजून गेले. वस्तुतः बहुतेक वेळा आतले जुने तेल सुकून डिंकासारखे झालेले असते. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. यंत्राचे तेल हाताशी नसले की स्वयंपाकघरातले तेल घालण्याची सवय अनेक घरांत होती. गोडे तेल कालांतराने चिकट होते आणि खोबरेल थंडीत थिजते.

यावर उपाय साधा आहे, पण त्याला सबुरी लागते. प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या पातळ तेलाचा एक एक थेंब सोडावयाचा, केस वाळविण्याच्या यंत्राने तो भाग हलकेच कोमट करावयाचा, चाक हाताने जेवढे सहज हलेल तेवढेच मागेपुढे करावयाचे आणि ते तसेच दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्यावयाचे. कधी हे चार दिवस चालते, कधी पंधरा. फारच घट्ट झालेल्या सांध्यावर काही कारागीर रॉकेल वापरतात. परंतु रॉकेल मळ धुऊन नेते, वंगण मागे ठेवत नाही. म्हणून ते पुसून लगेच तेल घालणे आवश्यक असते. रॉकेलच्या जवळपास ज्योत किंवा उष्णता असता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको.

खरे नुकसान होते ते उतावळेपणाने. अडकलेली दांडी पक्कडीने ओढली की ती वाकते, अथवा तिच्या टोकाचा लहान ओतीव भाग तुटतो. तो भाग पुन्हा कोठेही घडविला जात नसतो. तो मिळवावयाचा तर तशाच दुसऱ्या यंत्रातून काढावा लागतो. म्हणजे एका घाईची किंमत दोन यंत्रे देतात.

दुसरा धोका चुकीच्या निदानाचा. सिंगरची २०६, ३०६ आणि ३१९ या क्रमांकांची यंत्रे मूळच्या रूपात '२०६ गुणिले १३' या जातीच्या सुईसाठी बनविलेली आहेत. ती सुई बाजारात सर्रास मिळणाऱ्या सुईपेक्षा आखूड असते. नेहमीची सुई लावली तर तिचे टोक खाली घासते, टाके सुटतात आणि मालकाला वाटते, शटलचा मेळ बिघडला. मग स्क्रू सैल केले जातात, आणि जे बिघडलेले नव्हते तेही बिघडते. म्हणून जाणता कारागीर क्रम पाळतो. आधी सुई योग्य आहे काय, ती पुरती वर बसली आहे काय. मग दोरा नीट ओवला आहे काय. मग दातांखाली आणि शटलभोवती कापसाचा थर साचला आहे काय. मग दोऱ्याचा ताण. शटलच्या मेळाला हात सर्वांत शेवटी.

परीक्षेची एक सोपी रीतही आहे. दोरा न ओवता कागदाच्या तुकड्यावर नागमोडी टाका चालवावा. छिद्रांच्या दोन समांतर रांगा उमटल्या तर झुलणे बरोबर आहे. छिद्रांऐवजी लहान फाटे पडले तर सुई कागदात असतानाच झुलते आहे, असे समजावे.

सगळेच भाग लोखंडाचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. एल्नाच्या जुन्या यंत्रांत मोटर एका रबरी चकतीने चाक फिरवते. यंत्र दीर्घकाळ एकाच स्थितीत राहिले की त्या चकतीला सपाट भाग पडतो आणि यंत्र ठोके देऊ लागते. पुढच्या काळातील कित्येक यंत्रांत आलेली प्लॅस्टिकची दंतचक्रे कालांतराने आक्रसून तडकतात. त्यांना तेलाने गुण येत नाही. तारांवरील जुने वेष्टन ठिसूळ होते, म्हणून तपासल्यावाचून वीज जोडू नये. अमेरिकेतून आलेली मोटर ११० व्होल्टची असेल, तर ती येथील २३० व्होल्टवर जळून जाईल. सोनेरी नक्षीवर स्पिरिट फिरवू नये. नक्षीवरचा लाखेचा थर त्यात विरघळतो.

एकदा चालू झालेल्या यंत्राची निगा फारशी खर्चिक नाही. कुंचल्याने कापूस काढणे, नेमके तेल घालणे, ताणाच्या चकत्या आणि पट्टा तेलापासून दूर ठेवणे, आणि काम नसले तरी महिन्यातून एकदा यंत्र फिरविणे एवढे पुरते. अवघड आहे ते हे ज्ञान टिकविणे. अंकुश आणि सुई यांमधले अंतर नजरेने ओळखणारे कारागीर आता कमी होत आहेत आणि त्यांचे बरेचसे शहाणपण पुस्तकांत नाही, बोटांत आहे. ते शिकावयाचे तर अशा कारागिराच्या शेजारी बसून, त्याच्या हाताखालचे यंत्र पाहतच शिकावे लागते.

१९२४ साली यंत्रांविषयी झालेल्या एका संभाषणात महात्मा गांधींनी शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते. त्यांच्या दृष्टीने ते माणसाचे अवयव निकामी करणारे यंत्र नव्हते. ही जुनी नागमोडी यंत्रे त्या कसोटीला आणखी एका अर्थाने उतरतात. त्यांची झाकणे साध्या पेचकसाने उघडतात आणि आतली हालचाल डोळ्यांना दिसते. ज्याला ती वापरावयाची आहे त्याला ती समजूही शकतात. माळ्यावरचे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याचे झाकण एकदा उघडून पाहावे आणि आठ दिवस त्याला तेल पाजावे. बहुधा नवव्या दिवशी दांडी हलेल आणि सुई पुन्हा डावीउजवीकडे झुलू लागेल.