जुगार किती, हे मोजायचं कसं?

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही गिरणीत राबणारी माणसं. आमचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झालं. आज जुगारावर बोलायचं आहे.

आपल्या खामगावचं नाव कापसानं झालं. १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. आणि मुंबईत आकड्याचा जुगार रुजला, तोही कापसावरच. न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावावर लोक पैसे लावत. १९६१ साली ते भाव येणं थांबलं. १९६२ मध्ये मटका आला. कापूस आपण वेचायचा, सूत आपण कातायचं, अन् पगार त्यातूनच निघालेल्या आकड्यावर घालवायचा!

आम्हीही तीन वर्षं आकडा लावला. घरी सांगायचो, ओव्हरटाइम मिळाला नाही. तेव्हा कुणी दारात येऊन 'जुगार खेळता का?' विचारलं असतं, तर सरळ 'नाही' म्हटलं असतं. म्हणून पोलिसांनी किती पकडले, दवाखान्यात किती आले, यावरून मोजमाप होत नाही. लपलेले त्याहून जास्त.

कॅनडातल्या अभ्यासकांनी २००१ साली नऊ प्रश्न तयार केले. ते सर्वसाधारण लोकांना विचारायचे असतात. 'जुगारी आहात का' असं त्यात नाही. गेल्या बारा महिन्यांत हरलेला पैसा परत मिळवायला पुन्हा गेलात का? उसने घेतले, काही विकलं का? घरात पैशाची अडचण झाली का? 'कधीच नाही'ला शून्य, 'जवळजवळ नेहमी'ला तीन गुण. बेरीज आठ किंवा वर गेली की माणूस जुगाराच्या कह्यात गेला असं धरतात.

तथागतांनी सिगालाला जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले: जिंकला तर वैर, हरला तर शोक, धनाचा नाश, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत अवहेलना, सोयरीक जमत नाही. तिथंही परिणामच मोजले आहेत.

आता आकडा मोबाइलात आला. २०२५ साली केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायद्यानं लपवणं थांबत नाही.

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घरी हे प्रश्न बिननावाच्या कागदावर द्यावेत. घरातल्या बाईला वेगळा कागद द्यावा, कारण उधारी तिलाच फेडावी लागते. पेटी विहारात ठेवावी. हे कुणाकडे बोट दाखवायला नाही. किती घरांना आधार द्यायचा, ते कळावं म्हणून.

पहिला कागद आम्ही भरला. आज बेरीज शून्य आली. मग त्या तीन वर्षांची काढून पाहिली. चौदा आली.

जय भीम. नमो बुद्धाय.