लेकरांच्या पाठीवरचे ओझे



मी सातवी शिकलेली. पण काट्यावरचे वजन मला वाचता येते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावे. म्हणजे २५ किलोच्या मुलास अडीच किलो. एकदा वाण्याकडे तोलून तर पाहा!

रात्री वेळापत्रक पाहून दप्तर भरून घ्यावे. जड पुस्तके पाठीलगत आणि दोन्ही पट्टे खांद्यांवर असावेत. अभ्यासाला तासन् तास वाकून बसू देऊ नये. मधून मधून उठवावे, संध्याकाळी खेळायला पिटाळावे.

मूल ‘पाठ दुखते’ म्हणाले, तर ‘अभ्यास चुकवायला निमित्त!’ असे म्हणून गप्प बसवू नका. दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवा.