धेंपो : डिचोलीतून निघालेला विजेता

धेंपो स्पोर्ट्स क्लबचे नाव आज पणजीशी जोडले जात असले, तरी त्याचे मूळ डिचोलीचे. चंदगड तालुक्यातून तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग लागते आणि दोडामार्गच्या पुढे डिचोली. साठच्या दशकात तिथे एक छोटा स्थानिक क्लब होता. १९६८ मध्ये लोहखनिजाच्या धंद्यातल्या धेंपे घराण्याने तो आपल्याकडे घेतला, त्याला आपले नाव दिले आणि पुढे त्याचा मुक्काम पणजीला हलवला. घराण्याची धुरा तेव्हा वसंतराव धेंपे यांच्याकडे होती. खाणी, कॉलेज, वर्तमानपत्रे असा त्यांचा व्याप मोठा होता. मराठी वाचकांच्या ओळखीचे दैनिक ‘नवप्रभा’ही याच घराण्याचे.

गोव्यात फुटबॉल त्याच्या कितीतरी आधीपासून होता. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोलीत तो शाळकरी मुलांना शिकवला, तिथपासून गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास मोजतात. शाळेतून खेळ चर्चच्या पटांगणात आला आणि भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांमध्ये पसरला. संध्याकाळ झाली की वाड्यावाड्यावर चेंडू निघायचा. पोर्तुगीज अमलातच गोव्यात लीग सुरू झाली होती. पण फुटबॉलवर कुणाचे घर चालत नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, खाणींचा धंदा तेजीत आला आणि साळगावकर, सेसा गोवा, धेंपो या कंपन्यांच्या नावांचे संघ मैदान गाजवू लागले. चांगल्या खेळाडूला कंपनीकडून पगार मिळू लागला. पोटाची चिंता मिटलेला खेळाडू सरावाला वेळेवर येतो आणि वर्षानुवर्षे एकाच संघात टिकतो. पुढच्या साऱ्या यशाचा पाया या साध्या व्यवस्थेत होता.

कोल्हापूरची व्यवस्था याहून निराळी. तिथे संघ तालमीचा किंवा मंडळाचा असतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या संघांमागे पेठ उभी असते, कंपनी नव्हे. शाहू स्टेडियममध्ये दोन पेठांचा सामना लागला की गॅलरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. असा प्रेक्षक गोव्याच्या बड्या क्लबांनाही रोज मिळालेला नाही. मात्र वर्षभर देशभर फिरून लीग खेळायला जो पैसा लागतो, तो वर्गणीतून उभा राहत नाही. म्हणून कोल्हापूरचा खेळाडू देशपातळीवर जातो, संघ जात नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा. पण मोठा होण्यासाठी त्यालाही बाहेरच्या क्लबांची वाट धरावी लागली.

लहान क्लबाला मोठ्या घराचा आश्रय मिळाला की काय होते, याचे जगातले ठळक उदाहरण हंगेरीत आहे. बुडापेस्टच्या कडेला किशपेश्ट नावाची वस्ती होती. तिथला १९०९ सालचा क्लब १९४९ मध्ये हंगेरीच्या सैन्याने ताब्यात घेतला आणि त्याचे नाव होन्वेद झाले. फेरेंत्स पुश्काश आणि योझेफ बोझिक हे तिथेच वाढलेले. सैन्याच्या जोरावर कोचिश, त्सिबोर असे देशातले इतर उत्तम खेळाडूही तिथे गोळा झाले आणि १९५५ पर्यंत होन्वेदने पाच वेळा हंगेरीची लीग जिंकली. १९५६ च्या उठावाच्या वेळी संघ परदेशात होता. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर मायदेशी परतले नाहीत आणि एका हिवाळ्यात तो संघ विस्कटला. धेंपोच्या खात्यावरही राष्ट्रीय लीगची पाचच विजेतेपदे आहेत, आणि त्याचाही उतार मैदानाबाहेरच्या निर्णयांनी झाला. फरक एवढाच की धेंपोने खेळाडू हुकमाने गोळा केले नाहीत, बहुतेक गोव्यातच घडवले.

सत्तरच्या दशकात धेंपोचे नाव गोव्याबाहेर गेले ते रोव्हर्स कपमुळे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी ही स्पर्धा तेव्हा देशातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक होती आणि कोलकात्याचे संघ तिथे दरवर्षी दबदबा ठेवून असत. धेंपोने त्या दशकात ती एकाहून अधिक वेळा जिंकली, आणि १९८६ मध्ये पुन्हा. मुंबईत नोकरीसाठी राहिलेल्या गोवेकरांना आपला म्हणावा असा संघ कूपरेजवर मिळाला. नंतरची काही वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, पण गोव्याकडे ती पहिल्यांदा आणली १९९८-९९ मध्ये साळगावकरने.

धेंपोचे दिवस पालटले ते आर्मांदो कुलासो प्रशिक्षक झाल्यावर. भारतात प्रशिक्षकाची खुर्ची दोन पराभवांत जाते. कुलासो मात्र २००० च्या सुमारास आले आणि २०१३ पर्यंत राहिले. धेंपोच्या यशाची अनेक कारणे सांगितली जातात, पण पहिले कारण हेच मानावे लागेल. प्रशिक्षक टिकला म्हणून खेळाडू टिकले. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स हे भारतीय संघाकडून खेळलेले गोव्याचे खेळाडू हा त्या संघाचा कणा होता. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोल करायचा आणि त्याच्या पायाशी चेंडू पोहोचवायचा ब्राझीलचा बेटो. परदेशी खेळाडू दर मोसमाला बदलायचे ही भारतातली रीत. हे दोघे मात्र वर्षानुवर्षे त्याच निळ्या जर्सीत दिसले.

या चढत्या काळाच्या तोंडाशीच एक मृत्यू आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला होता. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला तो दुसऱ्यांदा गोलकडे धावला, चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. तो कोसळला तो पुन्हा उठला नाही. त्याचे वय पंचवीस होते. सामना २-० असा धेंपोने जिंकला आणि करंडक आणि मृत्यू या दोन्ही बातम्या गोव्यात एकाच रात्री पोहोचल्या. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय काय असते, हा प्रश्न भारतीय फुटबॉलमध्ये त्या दिवसानंतर गांभीर्याने विचारला जाऊ लागला. तो आधीच विचारला जायला हवा होता. त्या मोसमाच्या शेवटी, २००५ मध्ये, धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

दुसरे विजेतेपद २००६-०७ चे. पुढच्या वर्षी लीगचे नाव आय-लीग झाले आणि पहिली आय-लीग गोव्यातल्याच दोन संघांमध्ये अटीतटीची झाली. अठरा सामन्यांनंतर धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स दोघांचे गुण ३६ होते. गोलफरकावर धेंपो विजेता ठरला. २००८ मध्ये धेंपोने आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली आणि तिथे लेबनॉनच्या सफा क्लबकडून हार पत्करली. २००९-१० आणि २०११-१२ मध्ये पुन्हा आय-लीग. मे २०११ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर एअर इंडियाविरुद्ध १४-० असा निकाल लागला, तर २०११-१२ च्या मोसमात एकट्या रँटी मार्टिन्सने लीगमध्ये ३२ गोल केले.

२००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम देशाची लीग गोव्यातच राहिली. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तिघांनी ती आपसांत वाटून घेतली. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या राज्यासाठी ही कामगिरी मोठीच म्हणायची. त्याच्या आदल्याच मोसमात महाराष्ट्राच्या वाट्याला एक विजेतेपद आले होते, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे, २००५-०६ मध्ये. तो संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. कंपनीच्या आधाराने चालणाऱ्या क्लबाचा धोका तिथे उघड दिसला होता.

गोव्यात तो धोका हळूहळू आला. २००९ मध्ये धेंपे घराण्याने आपला खाण व्यवसाय सुमारे १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवाला विकला. क्लब मात्र विकला नाही. २०१२ च्या शरद ऋतूत आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि सगळ्याच क्लबांच्या खर्चावर त्याची सावली पडली. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग आली. तिच्यातल्या एफसी गोवा संघाच्या मालकांमध्ये श्रीनिवास धेंपे, दत्तराज साळगावकर आणि वेणुगोपाल धूत होते. प्रेक्षक, जाहिराती आणि टीव्हीचे कॅमेरे नव्या लीगकडे वळले. कुलासो आधीच गेले होते. २०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगच्या तळाच्या संघांमध्ये राहिला आणि पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत गेला.

क्लबने वर्षभरात दुसरी श्रेणी जिंकून परतीचे दार उघडले. पण २०१६ च्या मध्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला सर्वोच्च स्थान देण्याची योजना मांडली. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचे कशासाठी, हा गोव्याच्या क्लबांचा सवाल होता आणि तो रास्त होता. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. संघ गोव्याच्या प्रोफेशनल लीगपुरता उरला. जुन्या गोव्याजवळच्या एला इथली अकादमी मात्र चालू राहिली आणि तिथून मुले तयार होत राहिली. जुन्या संघातलेही काही जण प्रशिक्षणाकडे वळले होते. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली ओडिशा एफसीने २०२३ चा सुपर कप जिंकला.

समीर नाईकने धेंपोच्याच संघाची सूत्रे घेतली. २०२३-२४ मध्ये क्लब राष्ट्रीय पातळीवरच्या आय-लीग टू स्पर्धेत उतरला, तिथून वर चढला आणि २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये पुन्हा खेळू लागला.