नव्या माशाला जागा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आपल्या कामातलं काहीतरी सांगा' अशी अट घातली आहे. माझं काम म्हणजे लोकांच्या घरी, दवाखान्यांत, हॉटेलांत खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या बसवणं आणि सांभाळणं. या कामात मला सगळ्यात जास्त येणारा फोन एकच असतो. 'अहो, काल नवा मासा सोडला आणि जुने मासे त्याला मारतायत. काय करू?' आज मी त्या एका फोनबद्दल बोलणार आहे.

आधी हे मासे भांडतात का, ते सांगतो. गोड्या पाण्याच्या टाकीतले गप्पी, मॉली, टेट्रा बहुतेक घोळक्याने राहतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे येतात प्रवाळ खडकांवरून. तिथे गर्दी प्रचंड आणि लपायच्या कपारी मोजक्या. ज्याला कपार मिळाली तो वाचला, नाही मिळाली तो कुणाच्या तरी पोटात गेला. म्हणून डॅमसेल नावाचा बोटभर मासासुद्धा आपल्या दगडासाठी पाणबुड्याच्या अंगावर धावून जातो. त्यात दुष्टपणा काही नाही. घर राखायचं म्हणून तो लढतो.

कोनराड लोरेन्झ नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आक्रमकतेवरचं त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं आणि त्याची सुरुवातच प्रवाळ खडकांवरच्या माशांपासून आहे. त्यांच्या लक्षात आलं की हे भडक रंगांचे मासे सगळ्यात जोरात भांडतात ते आपल्याच जातीच्या माशाशी. कारण सोपं आहे. तेच खाणं, तीच कपार, तीच जोडीदारीण हवी असलेला दुसरा कोण? आपल्यासारखाच दिसणारा. परक्याला एक वेळ चालवून घेतील, भाऊबंदाला नाही. आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांसारखंच हे!

आता मुख्य मुद्दा. समुद्रात भांडण झालं की हरणारा पळून जातो. दोन-चार हात लांब गेला की जिंकणारा त्याचा पिच्छा सोडतो. म्हणजे तिथलं भांडण सहसा पळून जाण्याने संपतं. टाकीत पळायला जागाच नाही. चारी बाजूंनी काच. हरलेला मासा कितीही पळाला तरी जिंकणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो, आणि जिंकणाऱ्याला वाटतं हा अजून हटलेला नाही. म्हणून तो मारतच राहतो. मासा सांभाळणाऱ्याचं काम एवढंच, की काचेने काढून घेतलेली ती पळायची वाट दुसऱ्या कुठल्यातरी रूपात परत द्यायची. बाकीच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीतून निघतात.

पहिली युक्ती दुकानात जाण्याआधीची. मासे सोडायचा क्रम ठरवा. गरीब स्वभावाचे आधी, दांडगे शेवटी. फायरफिश, गोबी, कार्डिनल हे आधी. मग क्लाउनफिश. डॅमसेल, डॉटीबॅक आणि टँग सगळ्यात शेवटी. पूर्वी उलटं चालायचं. नवी टाकी तयार करताना स्वस्त आणि चिवट म्हणून डॅमसेल आधी सोडत. सहा महिन्यांत तेच टाकीचे मालक होत आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला फाडत. लोकलच्या डब्याचा नियम तुम्हाला माहीत आहेच. आत शिरेपर्यंत 'जरा सरका' म्हणणारा माणूस आत शिरल्यावर पुढच्या स्टेशनला 'जागा नाही' म्हणून ओरडतो.

दुसरी गोष्ट, एका जातीचा एकच मासा, नाहीतर जोडी. क्लाउनफिश, म्हणजे तुमच्या नातवंडांचा निमो, त्याची जोडी घेताना दोन्ही लहान घ्या, पण एक जरा मोठा. मोठा असतो तो मादी होतो, धाकटा नर राहतो. त्यांच्यात मादीच घराची कारभारीण. ती गेली तर नर स्वतःच मादी होतो. जीवशास्त्राच्या बाई मान हलवतायत, म्हणजे बरोबर सांगतोय! पण अशी जमलेली जोडी असताना तिसरा क्लाउनफिश आणू नका. बहुतेक वेळा तो टिकत नाही.

तिसरी गोष्ट, आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका. चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. रोग असेल तर तिथेच कळतो. शिवाय तो खायला लागतो, अंगात ताकद येते. प्रवासातून आलेला, उपाशी, घाबरलेला मासा पहिल्याच धक्क्याला कोलमडतो.

मग सोडायचा दिवस. जुन्या माशांना आधी पोटभर खायला घाला. दगडांची मांडणी बदला. ही युक्ती आपल्या शाळेतली आहे. वर्षाच्या मध्येच नवा मुलगा आला की सर काय करायचे? त्याला शेवटच्या बाकावर एकटं न बसवता सगळ्या वर्गाचे बाक बदलायचे. मग सगळेच नवे. दगड हलवले की जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात. प्रत्येकाला आपली कपार नव्याने शोधावी लागते, आणि त्या धांदलीत नव्यालाही एखादी मिळून जाते. मांडणी करताना नजर अडेल अशा आडोशांची संख्या वाढवा. मग दिवे बंद करा आणि अंधारात मासा सोडा. रात्रभर त्याला कुणी शोधत नाही. टाकीवर जाळी मात्र हवीच, कारण घाबरलेला मासा उडी मारतो आणि सकाळी जमिनीवर सापडतो.

दांडगे मासे आधीच असतील तर याने भागत नाही. तिथे मी पारदर्शक डबा वापरतो. प्लॅस्टिकचा, भोकं पाडलेला, टाकीच्या आतच टांगायचा. नवा मासा त्यात चार ते सात दिवस राहतो. जुने येऊन बघतात, काचेवर धडका मारतात, पण दात लागत नाहीत. बहुतेक मासे दोन-तीन दिवसांत कंटाळतात. नव्याने डब्यात नीट खायला सुरुवात केली आणि जुन्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं, की दार उघडायचं.

हा डबा आणखी एक काम करतो. तो 'नाही' असंही सांगतो. एका दवाखान्यातल्या टाकीत एक पिवळा टँग तीन वर्षं एकटा राजासारखा राहत होता. डॉक्टरांना दुसरा तसाच हवा होता. टँगला सर्जनफिश म्हणतात, कारण शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नश्तरासारखा धारदार काटा असतो. त्या काट्याचा एक वार लहान माशाला पुरतो. आठव्या दिवशीसुद्धा जुना टँग शेपटी फिरवून डब्यावर वार करत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, हा उघडायचा नाही. नवा मासा दुसऱ्या एका मोठ्या टाकीत गेला. डॉक्टर थोडे खट्टू झाले, पण दोन्ही मासे जिवंत राहिले.

सोडल्यावर पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. पर ताठ करणं, अंग तिरकं करून दाखवणं, वीतभर पाठलाग करून परत फिरणं, हे चालायचंच. ती ओळखपरेड आहे. पण नवा मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी अडकून राहिला, त्याचे पर फाटलेले दिसले, कल्ले धापा टाकल्यासारखे हलू लागले आणि तो जेवायला बाहेर येईना, तर वाट बघू नका.

अशा वेळी लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. दया येते म्हणून. पण त्याने दादाची हद्द आणखी पक्की होते आणि पुढच्याला अजून मार बसतो. काढायचं असेल तर दादाला काढा. आठ-दहा दिवस त्याला त्याच डब्यात किंवा वेगळ्या टाकीत ठेवा. तेवढ्यात नवा मासा कपार धरतो, टाकीत हिंडायला शिकतो. दादा परत येतो तेव्हा नवखा तो असतो. एका घरच्या काळ्या डॉमिनो डॅमसेलवर हा उपाय करून पाहिला. त्याचा स्वभाव काही बदलला नाही, पण हद्द निम्म्यावर आली. तेवढं पुरलं.

आता एक गोष्ट, जी मी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणून सांगतो. बाजारातले बरेचसे सागरी मासे टाकीत जन्मलेले नसतात. कुठल्यातरी प्रवाळ खडकावरून जाळ्यात पकडून आणलेले असतात. टाकीत एक मासा मार खाऊन मेला की दुकानातून दुसरा आणता येतो, पण समुद्रातून एक कायमचा कमी झालेला असतो. समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ यांना तर आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी 'मिळवून देतो' म्हणालं तर लांब राहा. क्लाउनफिशची पैदास मात्र माणसाला जमली आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. म्हणून पहिला मासा घ्यायचा तर टाकीत जन्मलेला क्लाउनफिश घ्या. तो गोळीखाद्य खातो, काचेची सवय घेऊनच येतो.

सकाळपासून तुमच्यापैकी चौघांनी मला सांगितलं की निवृत्तीनंतर टाकी ठेवायची आहे. जरूर ठेवा. चार फुटांपेक्षा लहान घेऊ नका आणि भरायची घाई करू नका. वर्षभरात पाच-सहा मासे, दोन माशांमध्ये निदान महिनाभर अंतर. आणि टाकी छान चालली आहे, सगळे आपापल्या जागी सुखात आहेत, असं वाटत असताना आणखी एक मासा आणायचा मोह होईल. तेव्हा काचेसमोर खुर्ची टाकून बसा आणि मोजा, त्याला पळायला जागा कुठे आहे? सापडली तर आणा. नाही सापडली तर त्या दिवशी चहा प्या आणि घरीच थांबा.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न असतील तर जेवणाच्या पंगतीत विचारा.