बहिणाबाई : एका नावाची गोष्ट, आणि आपल्या नावांची

भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

मागच्या वेळी आपण व्याजाचा हिशोब बोललो. आज पैशाचं नाही, नावाचं बोलायचं आहे. पण शेवटी गोष्ट पैशावर, जमिनीवर आणि हक्कावरच येते, हे पुढे कळेलच. सुरुवात करू आपल्या खान्देशातल्या सगळ्यात ओळखीच्या नावापासून. ते नाव म्हणजे बहिणाबाई.

आधी या नावाचा अर्थ पाहू. संस्कृतात भगिनी, तिचं पुढे झालं बहीण, आणि बहिणीची झाली बहिणा. तिला मान म्हणून जोडलं बाई. म्हणजे हे नाव फुलाचं नाही, नदीचं नाही, देवीचंही नाही. ते नात्याचं नाव आहे. घरात मुलगी जन्मली, ती कोणाची तरी बहीण झाली, म्हणून बहिणा. आणि गंमत बघा, आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान कोणाचा? आत्याचा. आत्या म्हणजे बापाची बहीणच. जगाला नाव देणारी बहीण, आणि तिचं स्वतःचं नावही बहीणच.

या नावाच्या दोन बाया महाराष्ट्राने लक्षात ठेवल्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे, म्हणून काही जणी त्यांना एकच समजतात.

पहिली संत बहिणाबाई. चाळीसगावचा घाट चढून वर गेलं की कन्नड तालुका लागतो. तिथल्या देवगावात तिचा जन्म झाला, साल १६२८. तुकोबारायांना तिने गुरू मानलं. १७०० साली ती गेली. वैजापूर तालुक्यातल्या शिऊर गावी तिची समाधी आहे. लहानपणी लग्न झालं, नवरा वयाने खूप मोठा, तापट. बाईने तुकोबांना गुरू मानायचं, हे त्याला पटेना. तरी तिने अभंग रचले आणि अभंगांतून स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगितली. तिच्या अभंगांच्या शेवटी तिचं नाव येतं, ‘बहेणी म्हणे’ असं. याला नाममुद्रा म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई सांगते आहे की हे मी म्हणते आहे, माझ्या नावाने म्हणते आहे. ही तिची सहीच होती.

दुसरी आपली बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याची लेक, माहेरच्या महाजन. जन्म २४ ऑगस्ट १८८०. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आली. तीन लेकरं झाली आणि १९१० मध्ये, ऐन तिशीत, नवरा गेला. पुढचं सगळं आयुष्य शेतात राबण्यात आणि लेकरं वाढवण्यात गेलं. शाळा पाहिली नव्हती, लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी सुचायची, ती तोंडातून निघून जायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि घरातल्या दुसऱ्या एका मुलाने त्यातली काही लिहून घेतली, म्हणून ती वाचली. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली. आचार्य अत्र्यांनी ती गाणी पाहिली, त्यांना प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. म्हणजे स्वतःचं छापलेलं पुस्तक बहिणाबाईने पाहिलं नाही.

तिची बोली आपल्या अहिराणीहून थोडी वेगळी, लेवा लोकांची. पण शब्द कानावर पडले की आपल्याला दुभाषा लागत नाही.

आता या नावाचा वापर बघा. जळगावला १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्यात येतात. २०१८ साली त्या विद्यापीठाला ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ हे नाव दिलं. आमच्या बी. ए. च्या कागदावर हे नाव नाही, कारण आम्ही आधी पास झालो. पण आज दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाण्याच्या मुली पदवी घेतात तेव्हा त्यांच्या कागदावर ते ठळक छापलेलं असतं. तिकडे पिंपरी-चिंचवडला प्राण्यांच्या बागेलाही तिचंच नाव आहे. कोणी प्रेमाने बहिणाई म्हणतं, कोणी बहिणाबाई. अहिराणी माणूस बोलताना ‘ण’ चा ‘न’ करून बहिनाबाई म्हणतो. नाव एक, रूपं तीन. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिच्या नावाखाली हजारो मुलींचं शिक्षण नोंदवलं जातं.

आता बहिणाबाईवरून आपल्याकडे येऊ.

आपल्या आज्यांची नावं आठवा. तापीबाई, गोदाबाई, यमुनाबाई ही नद्यांची. मुडावदला पांझरा तापीला मिळते, त्या भागात घरोघरी एखादी तापीबाई असायचीच. मंगळवारी जन्मली ती मंगला, बुधवारी जन्मली ती बुधाबाई. सखू, जना, मुक्ता ही संतांची नावं. आणि काही नावं भीतीपोटी ठेवलेली. लेकरं जगत नसली की वाईट नजर लागू नये म्हणून पोराचं नाव दगडू, भिका, उकर्डू ठेवायचे. नाव ओंगळ असलं तरी त्यामागे माया असायची, पोरगं जगावं ही.

पण मुलींच्या वाट्याला आणखी एक नाव आलं, नकुशा. तिसरी, चौथी मुलगी झाली की नकोशी म्हणून नकुशा. यात माया नव्हती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २०० हून जास्त मुलींना शोधून, कार्यक्रम घेऊन, त्यांना नवीन नावं दिली आणि नव्या नावाचे दाखले हातात दिले. एवढ्याने मुलींचं सगळं दुःख गेलं असं नाही. पण शाळेत हजेरी घेताना रोज ‘नको’ अशी हाक ऐकायची, ती तरी थांबली. तुमच्या गावात असं नाव असेल तर त्या मुलीला हसू नका. नाव बदलायला तिला मदत करा.

मराठीत नावाचे किती खेळ आहेत बघा. नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. पोराने नाव काढलं, पोराने नाव घालवलं. आणि लग्नात बायांना म्हणतात, ‘नाव घे’. तेव्हा आपण कोणाचं नाव घेतो? नवऱ्याचं. उखाण्यात बाईचं स्वतःचं नाव कुठेच नसतं.

काही घरांत लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलाला नवं नाव लिहायला लावतात. माहेरची सुनंदा सासरी वैशाली होते. दोन-तीन वर्षांत पहिलं लेकरू झालं की ती ‘पिंटूची आई’ होते. गावातल्या बायांना विचारलं, ‘तुनं नाव काय शे, माय?’, तर पुष्कळ जणी आधी नवऱ्याचं किंवा लेकाचं सांगतात. मग आखाजीला माहेरी गेली की वेशीवरच कोणीतरी जुन्या नावाने हाक मारतं, आणि बाई एकदम लहान होते. आम्ही हे पुष्कळ जणींकडून ऐकलं आहे.

हे सगळं गोड आहे. पण कागद गोड नसतो. कागदाला माया कळत नाही.

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. बाईचं नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. तिच्या नवऱ्याच्या खात्यावरून दरवर्षी ४३६ रुपये कापले जात होते, प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. माणूस अचानक गेला. विम्याचे २ लाख वारसाला मिळायला हवे होते. वारस म्हणून नवऱ्याने फॉर्मवर तिचं घरातलं नाव लिहिलं होतं, बेबीबाई. आधारवर नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं तिसरं. बँकेने विचारलं, बेबीबाई कोण? सगळं गाव तिला बेबीबाई म्हणून ओळखतं, पण गाव काही बँकेच्या काउंटरवर उभं राहत नाही. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, पुन्हा तहसीलच्या खेपा. पैसे मिळाले, पण सात महिन्यांनी. तोपर्यंत तिने सावकाराकडून व्याजाने उचल घेतली होती. त्या व्याजात गेले ते पैसे नावापायी गेले.

अशा अडचणी साध्या असतात. एका कागदावर लता, दुसऱ्यावर लताबाई. आपल्या कानाला ती एकच बाई, कॉम्प्युटरला दोन. आपल्या तालुक्याचंच बघा ना, कुठे शिंदखेडा लिहितात, कुठे सिंदखेडा, कुठे सिंदखेडे. गावाला त्याने काही फरक पडत नाही. विधवा बाईला पडतो.

म्हणून आता कामाचं सांगतो. नीट ऐका, आणि गटात लिहिता येणाऱ्या मुलीला टिपून घ्यायला सांगा.

एक. आज घरी सगळे कागद एका जागी काढा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, मतदान कार्ड, शाळेचा दाखला. प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचून घ्या. बाई, भाई, आडनाव, सगळं.

दोन. नाव जुळत नसेल तर एक नाव पक्कं करा आणि बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत बदलू नका. स्पेलिंग स्वतः तपासून मगच अंगठा द्या.

तीन. लग्नाची नोंद करा. गावात ती ग्रामपंचायतीत होते. लग्नाचा दाखला हाच माहेरच्या आणि सासरच्या नावाला जोडणारा पूल आहे. पहिलं नावच पूर्ण बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येतं.

चार. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायचं तर खुशीने बदला. नाही बदललं तरी तुम्ही त्या घरच्या सून आहातच.

पाच. बाळाची जन्मनोंद होते, पण नावाचा रकाना कोरा राहतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही. पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण कशाला थांबायचं?

सहा. विमा, बँक, पोस्ट, जिथे वारसाचं नाव लिहिलं असेल ते तपासा. घरातलं लाडाचं नाव तिथे नको. आधारवरचं हवं.

आता एक चांगली गोष्ट. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय केला. १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर कसं लिहायचं? आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, आणि शेवटी आडनाव. बघा, आईचं नाव वडिलांच्या आधी. म्हणजे बाळाच्या नावात आपण आहोत. जन्मनोंद करायला घरातला पुरुष एकटा जात असेल तर आपलं नाव बरोबर लिहून त्याच्या हातात द्या. ‘आई’ एवढंच लिहून येऊ नये.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. सातबारा. १९९२ साली शासनाने लक्ष्मी मुक्ती योजना आणली. तिच्यात नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तीस वर्षं उलटली, आणि गटाच्या बैठकीत हे सांगितलं तर बाया अजून एकमेकींकडे बघतात. निंदणी आपली, कापूस वेचणी आपली, रात्रीचं पाणी धरणंही कधी कधी आपलं. कागदावर मात्र आपण नाही. घरी भांडण करा असं आम्ही म्हणत नाही. पण विषय काढा. दादा, मामा, भाऊ, जे कोणी हे ऐकत असतील, त्यांनाही आमचं सांगणं आहे. बायकोचं नाव लागल्याने शेत कमी होत नाही. कर्त्या माणसामागे घर उघडं पडत नाही, एवढाच त्याचा फरक.

आमच्या गटांनी एक पद्धत सुरू केली आहे. बैठकीत हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायचं नाही. प्रत्येकीने उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं. सुरुवातीला बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी माय तर म्हणाली, ‘मला आठवावं लागेल’. आता तीच सगळ्यात मोठ्याने सांगते. अंगठा देणाऱ्या नऊ जणी सही करायला शिकल्या. सही वाकडी येते, पण ती त्यांची आहे.

बहिणाबाईला लिहिता येत नव्हतं, तरी तिचं नाव तिच्या गाण्यांवर राहिलं. कारण घरातल्या कोणीतरी ते वेळेवर लिहून ठेवलं. आपलं नाव लिहून ठेवायला आता दुसऱ्याची वाट बघायची गरज नाही. पुढच्या बैठकीला येताना आधार आणि पासबुक दोन्ही बरोबर आणा. आपण सगळ्या मिळून वाचू.

राम राम.