खुनाचा आळ आला तर

मंडळी, डोंगरात मुडदा सापडला की पोलिसांची जीप आधी आपल्याच वस्तीवर येते. नाशिकच्या 2003 च्या खटल्यात भटक्या जमातीच्या 6 मजुरांना फाशी लागली. साक्षीदार बाईनं फोटोत दुसरीच 4 माणसं ओळखली होती, तरीही! त्यातला एक तर गुन्ह्यावेळी अज्ञान होता. 5 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टानं सगळे निर्दोष सोडले. भरपाई माणशी 5 लाख. सोळा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आपण वकील पहिल्याच दिवशी मागायचा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेतात, तिथंच बोलायचं. सातारा, सांगली दोन्हीकडं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आदिवासीला फी पडत नाही, जमीन गहाण टाकू नका. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, तरी कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. आणि पोरगा धरला असेल तर शाळेचा दाखला त्याच दिवशी वकिलाच्या हातात द्या.